हॅच ८० टक्के की ७८? लॉटवार पिल्लांचा हिशेब कसा ठेवता?

प्रश्न : कळमेश्वर_हॅचरी

नमस्कार मंडळी. नागपूरजवळ कळमेश्वरला आमची घरची ब्रॉयलर हॅचरी आहे. मशिन काका बघतात, ऑफिस आता माझ्याकडे आलंय. शिक्षण बी.कॉम., त्यामुळे दोन वह्यांचे आकडे जुळले नाहीत की मला स्वस्थ बसवत नाही.

आम्ही तीन ब्रीडर फार्मवरून (जिथे आई-बाप कळप पाळतात) उबवायची अंडी घेतो. मागच्या हॅचचे आकडे देते. सेटरला, म्हणजे पहिले १८ दिवस अंडी उबवणाऱ्या मशिनला, लावली ३०,००० अंडी. मशिनरूमच्या वहीत पिल्लं २४,०००, म्हणजे ८० टक्के. माझ्या बिलबुकात पिल्लं २३,५००, म्हणजे ७८.३ टक्के. आणि शेतकऱ्यांचे फोन तिसरंच काही सांगतात. एकाच्या शेडमध्ये तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मर वाढली, दुसऱ्याची काहीच तक्रार नाही. दोघांच्या गाड्या एकाच पहाटे आमच्या गेटमधून निघालेल्या.

काका म्हणतात, ८० म्हणजे चांगला हॅच, त्या शेतकऱ्याचं ब्रूडिंग (शेडमध्ये पिल्लांना ऊब देणं) चुकलं असेल. असेलही. पण मला ते दाखवता येत नाही, शेतकऱ्यालाही नाही आणि काकांनाही नाही. आमच्याकडे नोंदी दोनच : किती अंडी लावली आणि किती डबे गेले. मधल्या २१ दिवसांचं काहीच लिहिलेलं नाही.

रोजच्या धावपळीत खरोखर निभेल अशी नोंद कोणती ठेवू? सॉफ्टवेअर घ्यावं का? आणि ८० खरे धरायचे की ७८.३?

उत्तर : अमरावती_पोल्ट्री

सॉफ्टवेअरची घाई करू नका. आम्ही घेतलंय, चांगलं आहे, पण त्यात भरायचा आकडा शेवटी ट्रान्सफरला, म्हणजे अठराव्या दिवशी अंडी सेटरमधून पिल्लं निघायच्या मशिनमध्ये (हॅचरमध्ये) हलवताना, घामाघूम झालेला माणूसच सांगतो. त्याने लिहिलं नाही तर संगणकाला कुठून कळणार? आधी छापील तक्ता चालवा, रकाने पक्के होऊ द्या, मग एक्सेल. आणि बेरीज ऑफिसमध्ये करा. ज्याचं काम मोजायचं त्याच्याकडेच बेरीज दिली की आकडे शून्यावर संपायला लागतात. २४,००० हा तुमचा आकडा मला तसाच वाटतोय.

उत्तर : जुना_इनचार्ज

ताई, बुटीबोरीकडच्या एका हॅचरीत मी आधी ऑपरेटर होतो, मग इनचार्ज. निवृत्त झालो तरी हा विषय सुटलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ८० आणि ७८.३ चा गुंता सोडवू. डब्यात पिल्लं किती भरता? शंभरावर दोन जास्तीची द्यायची पद्धत तुमच्याकडेही असणार. बिल २३,५०० चं म्हणजे डबे २३५. प्रत्येकी १०२ धरली तर २३,९७० पिल्लं गेली. वहीतल्या २४,००० मधून उरली ३०, ती शेवटच्या अर्ध्या डब्यातली असतील. म्हणजे तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. मशिनने किती काढली हे पाहायचं तर ८०, पैसे कितीचे आले हे पाहायचं तर ७८.३. दोन वेगळे रकाने ठेवा. फक्त त्या ३० पिल्लांचं काय झालं ते दर वेळी लिहा. आज ३० आहेत, लिहायची सवय नसली तर कधी ३०० होतील ते कळणारही नाही.

पण माझी खरी हरकत त्या ८० वरच आहे. तीन फार्मची अंडी म्हणजे तीन वयांचे पेरेंट कळप. २८ आठवड्यांच्या कळपाचं अंडं लहान, कवच चांगलं, पिल्लू बारीक. साधारण ३० ते ४५ आठवडे हा भराचा काळ. साठी ओलांडली की अंडं मोठं, कवच पातळ, नर सुस्त. तिन्ही एका बेरजेत घातले की ज्या आठवड्यात मधल्या वयाची अंडी जास्त येतात त्या आठवड्यात हॅच चढतो, म्हातारा कळप जास्त आला की उतरतो. मशिनरूममध्ये काहीही बदललेलं नसताना ऑपरेटरला एकदा शाबासकी, एकदा बोलणी. या सरासरीपायी चांगली माणसं काम सोडून गेलेली मी पाहिली आहेत.

म्हणून लॉटचं, म्हणजे एका कळपाच्या अंड्यांच्या गटाचं, नाव अंडी उतरवल्यापासून शेतकऱ्याच्या शेडपर्यंत पुसू द्यायचं नाही. बाकी सगळी नोंद यावर उभी आहे.

हे नाव हरवतं कुठे, तर बहुतेक वेळा ट्रान्सफरला. १८ दिवस सेटरमध्ये ट्रॉल्या वेगळ्या असतात, प्रत्येकीवर कार्ड असतं. मग अंडी हॅचरच्या बास्केटमध्ये जातात, कार्ड सेटर ट्रॉलीवरच राहतं आणि ट्रॉली धुवायला जाते. तिथून पुढे अ, ब, क सगळे एक. तीन दिवसांनी पिल्लं निघतात तेव्हा कोणती कोणाची हे सांगायला कोणी नसतं. यावर खर्चिक उपाय नको. तीन रंगांच्या प्लॅस्टिक क्लिपा आणा, पाण्यात-औषधात टिकणाऱ्या. ट्रान्सफरला ज्या लॉटची अंडी त्या रंगाची क्लिप बास्केटला. चिक हॉलमध्ये एका वेळी एकाच रंगाच्या बास्केट टेबलावर घ्यायच्या. लॉट संपला की टेबल रिकामं, मोजणी लिहायची, मग पुढचा रंग. लॉटच्या शेवटी अर्धा डबा उरला तर पुढच्या लॉटने तो भरू नका. भरावाच लागला तर त्यावर मोठ्या अक्षरात ‘मिश्र’ लिहा.

लॉटचा नंबर असा करा की वाचताच कळेल : फार्मचं अक्षर, कळपाचं वय आठवड्यांत, अंडी लावल्याची तारीख, सेटर नंबर, हॅचर नंबर. तोच नंबर डब्यावर, तोच चलानवर.

आता ताळेबंद. तुम्हाला बी.कॉम. असल्याचा फायदा इथे होईल. प्रत्येक लॉटला लावलेली अंडी बरोबर कँडलिंगला (उजेडावर धरून तपासताना) काढलेली, अधिक ट्रान्सफरला फुटलेली, अधिक हॅचरमध्ये न फुटता राहिलेली, अधिक कल (सदोष म्हणून बाजूला काढलेली) आणि मेलेली पिल्लं, अधिक विक्रीयोग्य पिल्लं. दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत. नाही जुळल्या तर बहुतेक वेळा लावतानाची मोजणीच चुकलेली असते. पेटी २१० ची धरून पेट्या मोजतात, पण ग्रेडिंगला बाजूला काढलेली तडकलेली, दोन बलकाची, वेडीवाकडी, घाण अंडी वजा करायची राहतात. ग्रेडिंगची नोंद वेगळी ठेवा, तीही फार्मवार.

कल या रकान्याबद्दल कळकळीने सांगतो. पिल्लाचा भाव चढला की कलचा हात आखडतो. नाभी नीट न मिटलेलं, पायाने अधू, पोट फुगलेलं, जेमतेम उभं राहणारं पिल्लूही डब्यात जातं. त्या दिवशी हॅचरीचा टक्का वाढतो आणि पुढच्या आठवड्यात शेतकऱ्याची मर वाढते. मशिन तीच, अंडी तीच. विक्रीयोग्य कोणतं हे भिंतीवर लिहून लावा : कोरडं, डोळे चमकदार, नाभी मिटलेली आणि स्वच्छ, पाय सरळ, उताणं ठेवलं की लगेच उठणारं. भाव २० असो की ५०, ती व्याख्या हलता कामा नये. कलचा आकडा लॉटवार रोज ऑफिसात आला पाहिजे. जास्त कल दाखवला म्हणून कोणाला बोलायचं नाही, नाहीतर उद्यापासून खरा आकडा मिळणार नाही.

आणि अंडी फोडा. कँडलिंगला उजेड आरपार दिसलेलं अंडं म्हणजे फर्टाइल (फलित) नाही असं धरून सगळे मोकळे होतात, नराला दोष देतात. ते अंडं फोडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. बलकावर लहान, घट्ट, वेडावाकडा पांढरा ठिपका असेल तर फर्टाइल नव्हतं. कडं दिसलं, चकती पसरलेली दिसली किंवा रक्ताचं वलय दिसलं तर जीव धरला होता आणि पहिल्या काही दिवसांतच गेला. पहिल्यात दोष कळपाचा. दुसऱ्यात साठवणीचा, वाहतुकीचा किंवा आपला. दोन्ही एका रकान्यात गेले की फार्मवाल्याशी आयुष्यभर भांडण आणि उपाय शून्य. हॅचरमध्ये राहिलेल्या अंड्यांचंही तसंच. दर लॉटचे चार-पाच ट्रे, मशिनच्या वेगवेगळ्या जागांचे, फोडून पाहा : मधल्या आठवड्यात मेलेलं, शेवटच्या आठवड्यात मेलेलं, चोच मारून अडकलेलं, सडलेलं, उलटं लावलेलं. वास येतो, हात खराब होतात, पण हॅचरीत यापेक्षा खरं सांगणारं दुसरं काही नाही.

वजनाच्या नोंदी दोनच पुरेत. एक, सेटरमध्ये लावताना आणि ट्रान्सफरला त्याच ट्रेचं वजन, रिकामा ट्रे वजा करून. १८ दिवसांत अंड्याचं वजन ११ ते १३ टक्के घटायला हवं. समजा ट्रेमध्ये ९,००० ग्रॅम अंडी लावली आणि ट्रान्सफरला ७,९२० भरली, तर घट १२ टक्के, उत्तम. आपल्या नागपुरात हा आकडा ऋतूप्रमाणे हलतो. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) दुपारची हवा कोरडीठाक, ह्युमिडिफायर कमी पडला की घट वाढते, पिल्लू बारीक आणि सुकलेलं निघतं. आता पावसाळ्यात उलटं. घट कमी होते, पिल्लू मऊ, पोटाचं मोठं, नाभी उशिरा मिटणारी. दोन, पिल्लाचं वजन. ६२ ग्रॅमच्या अंड्यातून ४२ ग्रॅमचं पिल्लू म्हणजे जवळपास ६८ टक्के. ६६ च्या खाली गेलं तर पिल्लं हॅचरमध्ये जास्त वेळ अडकून सुकली. ७० च्या वर गेलं तर लवकर ओढली (हॅचरमधून बाहेर काढली) किंवा अंडं पुरेसं सुकलंच नाही.

पिल्लं ओढायची वेळ घड्याळ पाहून लिहा. शंभरात चार-पाच पिल्लांची मान अजून ओलसर असेल ती वेळ योग्य. रिकाम्या कवचांवर हिरवट-काळी विष्ठा जास्त दिसली तर उशीर झाला म्हणून समजा.

सगळं एकदम सुरू करू नका. या महिन्यात क्लिपा, ताळेबंद आणि अंडी फोडणं एवढंच करा.

उत्तर : उमरेडवाला

ताई, मी उमरेडकडचा, पाच हजाराचं शेड आहे. शेतकऱ्याच्या बाजूनं सांगतो.

पिल्लं येते रात्री नाईतर भल्या पहाटे. गाडीवाल्याले पुढच्या गावाले जाची घाई. मोजाले कोनी थांबत नाई. चार दिवसानं मर वाढली का आमी हॅचरीले फोन करतो, हॅचरीवाले म्हनते तुमचं ब्रूडिंग बिघडलं. दोघापाशी बी कागद नाई, मंग आवाज ज्याचा मोठा तो खरा.

आता मी काय करतो ते सांगतो. गाडी आली का कोनतेबी पाच डबे उतरवतो, गाडीवाल्यासमोर मोजतो, डब्यासकट वजन करतो, मेलेले वेगळे काढतो, अन् चलानवर लिहून त्याची सही घेतो. पाचात पाच-सात पिल्लं कमी निघाले तं सगळे डबे मोजाचे. गाडीवाले पयले चिडत होते, आता सोताच वजनकाटा पकडते.

तुमाले दोनच गोष्टी मागतो. एक, डब्यावर लॉटचं अक्षर टाका, म्हंजे मले समजन कोनत्या कळपाचे आहेत. दुसरं, एका शेडात दोन लॉट पाठवू नका. लहान कळपाचं बारीक पिल्लू अन् मोठ्या कळपाचं दांडगं पिल्लू एका ब्रूडरखाली आले का दांडगे खाद्य-पानी धरते, बारीक मांग पडते. विकाच्या टायमाले कोनी दोन किलो, कोनी दीड. ट्रेडर मंग भाव पाडून मागते. पाठवाचेच असन तं सांगून पाठवा, मी मधात जाळी लावून दोन भाग करून घेईन.

उत्तर : पशुवैद्य_नागपूर

वरचं वाचून समाधान वाटलं. दोन्ही बाजूंनी नोंद ठेवणारे लोक कमी भेटतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या मरेबद्दल सांगतो. मेलेलं पिल्लू उघडून पाहिल्याशिवाय हॅचरी की शेड हा वाद संपत नाही. नाभी काळी किंवा ओली, पोटातला बलक न शोषलेला, पातळ, घाण वासाचा असेल तर तो योक सॅकचा संसर्ग. त्याचं मूळ घाण अंड्यात, हॅचरच्या अस्वच्छतेत किंवा न मिटलेल्या नाभीत असतं. याउलट बलक जवळपास संपलेला, पोट रिकामं किंवा गिझर्डमध्ये (दाणे दळणाऱ्या पोटात) नुसता तूस, तर पिल्लाला खाद्य-पाणी सापडलंच नाही. अशी उपाशी पिल्लं साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी मरतात, कारण तोवर बलक पुरतो. तिसरा प्रकार म्हणजे मूत्रपिंड सुजलेली, हृदयावर आणि यकृतावर खडूसारखा पांढरा थर. त्या पिल्लाला पाणी कमी पडलेलं असतं, हॅचरमध्ये, गाडीत किंवा शेडमध्ये. इथे पिल्लं ओढल्याची आणि शेडमध्ये सोडल्याची वेळ लिहिलेली असेल तर उत्तर लगेच मिळतं.

शंका असेल तर ताजी मेलेली पिल्लं बर्फावर ठेवून त्याच दिवशी सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदनाला न्या. सोबत लॉट नंबर लिहिलेला कागद द्या.

एका शेडमध्ये दोन लॉट नकोत यामागे लसीचंही कारण आहे. पिल्लाला आईकडून गंबोरो या विषाणूजन्य रोगाविरुद्धची प्रतिकारशक्ती मिळते आणि ती कळपाकळपात कमी-जास्त असते. ती खाली उतरल्यावरच गंबोरोची लस लागू पडते. दोन कळपांची पिल्लं मिसळली तर एकच तारीख दोघांना योग्य पडत नाही. काही पिल्लांत लस वाया जाते, काही आधीच उघडी पडलेली असतात. हॅचरीत दिलेल्या लसीचं नाव आणि बॅच नंबरही चलानवर टाका.

पहिल्या सात दिवसांची मर एक टक्क्याच्या आत आणि सातव्या दिवशीचं वजन पहिल्या दिवसाच्या चार ते साडेचार पट. हे दोन आकडे प्रत्येक शेतकऱ्याकडून लॉट नंबरसकट मागवा. हॅचरीचं काम माझ्या मते गेटपाशी संपत नाही, सातव्या दिवशी संपतं.

कळमेश्वर_हॅचरी

सगळ्यांचे मनापासून आभार. क्लिपा आणल्या : अ ला पिवळी, ब ला निळी, क ला लाल. ट्रान्सफरला मी स्वतः उभी राहिले. काकांना आधी हे पटलं नव्हतं, पण अंडी फोडायला तेच बसले. इतकी वर्षं हाताळलेली अंडी आतून पाहायला त्यांना माझ्यापेक्षा जास्त उत्सुकता होती.

पुन्हा ३०,००० अंडी लावली होती. एकूण पिल्लं २३,९५०, म्हणजे ७९.८ टक्के. लॉटवार असं :

अ, वय २९ आठवडे. लावली ९,०००. कँडलिंगला काढली ८१०, फुटली १५, हॅचरमध्ये राहिली ६९०, कल १७५, पिल्लं ७,३१०. हॅच ८१.२.

ब, वय ४२ आठवडे. लावली १२,०००. काढली ७८०, फुटली ३०, राहिली ६२०, कल ११०, पिल्लं १०,४६०. हॅच ८७.२.

क, वय ६१ आठवडे. लावली ९,०००. काढली १,५३०, फुटली ४०, राहिली १,०९०, कल १६०, पिल्लं ६,१८०. हॅच ६८.७.

तिन्ही बेरजा जुळतात. क ची कँडलिंगला काढलेली ३०० अंडी फोडली, त्यात २१६ फर्टाइल नव्हती, ८४ मध्ये कडं किंवा रक्ताचं वलय होतं. क चीच हॅचरमध्ये राहिलेली २०० फोडली : मधल्या आठवड्यात मेलेली १८, शेवटच्या आठवड्यातली ९६, चोच मारून अडकलेली ३४, सडलेली ५२. सडलेली बघून काका गप्प झाले.

मागच्या तक्रारीच्या शेडमध्ये काय गेलं होतं ते ड्रायव्हरला आणि चिक हॉलमधल्या बायांना विचारून शोधलं. क ची पिल्लं कमी पडली म्हणून अ ची मिसळून पाठवली होती. ज्याची तक्रार नव्हती त्याला नुसती ब ची गेली होती. यापुढे काय करू? फार्म बदलू का?

जुना_इनचार्ज

फार्म बदलायची घाई नको. तुमच्या आकड्यांतच बरंच लिहिलेलं आहे.

ब आणि क मध्ये फरक साडेअठरा टक्क्यांचा. त्यातले साडेदहा कँडलिंगचे, जवळपास सात हॅचरमध्ये राहिलेल्या अंड्यांचे, उरलेले फुटीचे आणि कलचे. कँडलिंगची १,५३० अंडी सरसकट नराच्या माथी मारली असती तर १७ टक्के फर्टाइल नाहीत असा निष्कर्ष निघाला असता. पण फोडलेल्यांत २८ टक्के जीव धरून मेलेली आहेत. म्हणजे फर्टाइल नसलेली सव्वाबारा टक्क्यांच्या आसपास आणि पहिल्या आठवड्यात गेलेली पावणेपाचच्या आसपास. ६१ आठवड्यांच्या कळपात सव्वाबारा हे जास्त आहेत, फार्मवाल्याला नर तपासायला, तरुण नर घालायला सांगता येईल. पावणेपाच मात्र नराचे नाहीत. त्यासाठी एकच प्रश्न विचारा : अंडी घातल्यापासून तुमच्या सेटरमध्ये जाईपर्यंत किती दिवस जातात आणि तेवढे दिवस ती कुठे ठेवतात? आठवडाभरापर्यंत १६ ते १८ अंश सेल्सिअसला अंडी नीट राहतात. त्यापुढे प्रत्येक दिवसाला हॅच घसरतो आणि म्हाताऱ्या कळपाची अंडी आणखी लवकर बिघडतात.

शिवाय जुन्या अंड्यातून पिल्लू उशिरा निघतं, साठवणीच्या प्रत्येक दिवसामागे साधारण तासभर. क आणि ब एकाच हॅचरमध्ये, एकाच वेळी लावलेले असतील तर क साठी थांबता थांबता ब ची पिल्लं कोरडी पडतात, किंवा ब च्या वेळेला ओढलं तर क ची कच्ची निघतात, नाभी उघडी राहते. चोच मारून अडकलेली ३४ त्याच दिशेने बोट दाखवतात. क ची अंडी सेटरला काही तास आधी लावा आणि त्यांना वेगळं हॅचर द्या.

सडलेली ५२ म्हणजे फोडलेल्यांपैकी चौथा हिस्सा. इथे फार्मवाल्याशी स्पष्ट बोला. लिटरवर (शेडमधल्या जमिनीवरच्या तुसाच्या थरावर) घातलेली अंडी ओल्या फडक्याने पुसून घरट्यातल्या अंड्यांत मिसळत असतील तर ते थांबलं पाहिजे. पुसल्याने घाण कवचाच्या छिद्रांतून आत जाते. तसलं एक अंडं हॅचरमध्ये फुटलं की शेजारच्या चांगल्या पिल्लांच्या नाभीलाही लागण होते, आणि डॉक्टरसाहेबांनी लिहिलेला योक सॅकचा त्रास तिथूनच सुरू होतो. लिटरची अंडी वेगळ्या ट्रेमध्ये, खूण करून पाठवा म्हणावं. लावायचीच असली तर ट्रॉलीच्या सगळ्यात खालच्या ट्रेमध्ये लावा, म्हणजे फुटली तरी खाली कोणी नाही.

राहिली शेवटच्या आठवड्यात मेलेली ९६. ती नेमकी कुठल्या ट्रेमधली ते पाहा. मोठ्या अंड्यातला जीव शेवटी जास्त उष्णता सोडतो. कानात धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, सेटरमध्ये सोळाव्या-सतराव्या दिवशी अंड्याच्या मधल्या पट्ट्यावर धरा. १०० फॅरनहाइट हवं. वरच्या कोपऱ्यातल्या ट्रेला १०१ च्या पुढे दिसलं तर हवा तिथे पोचत नाही, पंखा आणि पडदे बघा.

अ चे १७५ कल मला खटकत नाहीत, तरुण कळपाची पिल्लं बारीकच असतात. ती उमरेडच्या भाऊंनी सांगितलं तशी एकटी, एका शेडला पाठवा, आणि ब्रूडर आदल्या रात्रीच तापवून ठेवायला सांगा.

कळमेश्वर_हॅचरी

क फार्मला फोन केला. त्यांची गाडी पूर्ण भरल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे अंडी नऊ-नऊ दिवस तिथे पडून राहतात, आणि खोलीतला एसी रात्री बंद करतात. लिटरची अंडी पुसून मिसळतात हेही त्यांनी सरळ सांगितलं. क चा तक्ता त्यांना पाठवला. त्यांनाही असे वेगळे काढलेले आकडे आजवर कोणी दाखवले नव्हते. सोमवारपासून गाडी आठवड्यातून दोनदा येणार, जास्तीच्या फेरीचं डिझेल निम्मं आमचं. एसी रात्रभर चालू ठेवायचं कबूल केलंय आणि लिटरची अंडी लाल खुणेच्या ट्रेमध्ये वेगळी येतील.

चलान नवीन छापायला टाकलं : लॉट नंबर, कळपाचं वय, पिल्लं ओढल्याची वेळ, लसीचा बॅच, डबे, आणि खाली शेतकऱ्याने भरायचे दोन रकाने, सात दिवसांची मर आणि सातव्या दिवसाचं वजन. उमरेडच्या भाऊंनी म्हटलेला पाच डब्यांच्या मोजणीचा आणि वजनाचा रकानाही घातलाय. थर्मामीटर काका आजच सीताबर्डीतून घेऊन आले. पुढच्या ट्रान्सफरचे आकडे इथेच टाकते.